किरकोळ गुन्हा, पहिली चूक: तुरुंगाऐवजी गावातच शिक्षा भोगण्याची वाट

फेब्रुवारी सरत आला की हापूसच्या पेट्या वाशीला जायला लागतात आणि त्याच सुमारास कोकणातल्या आमच्या तालुक्याच्या न्यायालयात आंबाचोरीची प्रकरणेही दिसू लागतात. वर्षभर चालणारी बाकीची प्रकरणे असतातच: बंदरात उभ्या नौकेतून काढलेले डिझेल, खळ्यात वाळत घातलेली सुपारी, काजूची बी, विहिरीवरचा पंप, शिमग्यात दारू पिऊन पालखीपुढे घातलेला गोंधळ. आरोपी बहुधा विशी-पंचविशीतला आणि पोलीस ठाण्याची पायरी पहिल्यांदाच चढलेला असतो. घरचे दोन प्रश्न विचारतात, आत जाईल का आणि किती खर्च येईल. तुरुंगाऐवजी दुसरे काय मागता येईल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कायद्यात त्याची उत्तरे आहेत, आणि त्यांतली एक १९५८ पासून आहे. परंतु न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जोपर्यंत कोणी पत्ता, जामीनदार, कामाची जागा आणि देखरेख करणारा माणूस असे सगळे कागदावर मांडून ठेवत नाही, तोपर्यंत ती उत्तरे पुस्तकातच राहतात. हा लेख आरोपीच्या घरच्यांसाठी, सरपंच आणि पोलीस पाटलांसाठी आणि नव्याने सनद घेतलेल्या वकिलांसाठी आहे.

आधी कलम वाचावे

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या चौथ्या कलमात शिक्षेच्या प्रकारांमध्ये सामुदायिक सेवेची भर पडली. ती म्हणजे समाजाच्या उपयोगाचे, बिनमोबदला काम. न्यायालयात सगळे तिला 'कम्युनिटी सर्व्हिस' म्हणतात. ही शिक्षा सरसकट कोणत्याही लहान गुन्ह्याला देता येत नाही. ती फक्त सहा ठिकाणी आहे. त्यांतल्या तीन गोष्टी, म्हणजे लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणे, उद्घोषणेनंतरही न्यायालयात हजर न राहणे आणि लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे, आपल्याकडे क्वचितच येतात. उरलेल्या तीन मात्र रोजच्या आहेत: पाच हजार रुपयांच्या आतली पहिली चोरी (कलम ३०३, पोटकलम २), नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन (कलम ३५५) आणि बदनामी (कलम ३५६). वाडीच्या व्हॉट्सॲप गटावरची भांडणे या शेवटच्या कलमापर्यंत जाऊ लागली आहेत.

चोरीच्या कलमातले शब्द नीट पाहिले पाहिजेत. वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असावी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असावा आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असावी. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर न्यायालयाने सामुदायिक सेवेची शिक्षा द्यायची आहे. तिथे कैदेचा पर्यायच ठेवलेला नाही. शिवाय असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पाच हजारांची रेघ ओलांडली की तीच चोरी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची होते. म्हणून पंचनाम्यात लिहिलेली किंमत ही साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. हापूसचा भाव हंगामाच्या तोंडाला एक असतो आणि मे संपताना त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तीच दोन पेट्यांची चोरी मार्चमध्ये रेघेच्या वर आणि मेअखेर रेघेच्या खाली पडू शकते. भाव चोरीच्या दिवसाचा आणि त्या प्रतीच्या फळाचा धरला आहे का, की वर्गवारी न करता सगळ्याच फळांना अव्वल आंब्याचा भाव लावला आहे, हे पहिल्याच दिवशी तपासावे. त्या दिवशीच्या बाजारभावाची पावती मिळाली तर जपून ठेवावी.

दोन खाचखळगे इथेच सांगून ठेवतो. माल राहत्या घरातून गेला असेल किंवा देवळातली मूर्ती चोरली असेल तर कलम ३०५ लागते, आणि बागेत कामाला असलेल्या गड्याने किंवा राखणदाराने मालकाचाच माल नेला असेल तर कलम ३०६ लागते. दोन्हींना सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि सामुदायिक सेवेची सवलत नाही. नौकेवरच्या खलाशाने मालकाचे डिझेल विकले तर तेही ३०६ मध्येच जाते. गोव्याची दारू आणताना पकडलेल्यांचे प्रकरण तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली येते. तिथे या शिक्षेचा उल्लेख नाही. अशा प्रकरणांत पुढे सांगितलेला परिवीक्षेचा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तुरुंगाबाहेर ठेवण्याचा, मार्ग धरावा लागतो आणि तो लागू होतो की नाही हे वकिलाकडून कलमागणिक तपासून घ्यावे लागते. आरोपी अठरा वर्षांखालचा असेल तर ही वाटच वेगळी आहे. त्याला बाल न्याय मंडळापुढेच न्यायचे असते.

जामीन: खरा तुरुंग शिक्षेच्या आधीचा

३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. किरकोळ गुन्ह्यातला मुलगा रत्नागिरीच्या विशेष कारागृहात, सावंतवाडीला किंवा अलिबागच्या हिराकोट किल्ल्यातल्या तुरुंगात जातो तो बहुधा शिक्षा झाली म्हणून नव्हे, तर जामिनाचे कागद जमले नाहीत म्हणून. त्यामुळे पर्यायी शिक्षेचा विचार करण्याआधी तो घरी राहील याची तजवीज करावी.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक, जामीन आणि खटल्याची कार्यपद्धती सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ३५ प्रमाणे हजर राहण्याची नोटीस देता येते. नोटीस आली तर दिलेल्या तारखेला जावे आणि गेल्याची पोच घ्यावी, कारण नोटीस चुकवणे हे अटकेचे आयते कारण ठरते. अटक झालीच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयाकडून मोफत वकील मिळतो. ताब्यात असलेल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक घरात सगळ्यांना पाठ असावा.

आता जामीनदार. कोकणात इथेच गाडे अडते. न्यायालय सातबारा मागते आणि सातबाऱ्यावर आजोबांपासूनची तीस नावे सामाईक असतात, त्यांतली निम्मी माणसे परळ-विरारला आणि काही तर हयातही नसतात. आणेवारी, म्हणजे प्रत्येकाच्या हिश्शाची नोंद, झालेली नसते, त्यामुळे जामीनदाराच्या वाट्याला किती गुंठे येतात हे तलाठ्यालाही लिहून देता येत नाही. अशा वेळी सातबाऱ्यामागे धावत आठवडा घालवू नये. घरपट्टीची पावती, वीजबिल, पगारदार नातेवाइकाचे पगारपत्रक किंवा नौकेच्या नोंदणीचे कागद जोडून अर्ज करावा आणि त्यातच वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडण्याची पर्यायी मागणी लिहावी. मोतीराम प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाकडून झेपणार नाही असा जामीन मागू नये आणि परजिल्ह्यातला जामीनदार केवळ त्या कारणाने नाकारू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. मुंबईत नोकरीला असलेला चुलता जामीनदार म्हणून उभा राहत असेल तर हा निकाल हाताशी ठेवावा. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर आरोपी निर्धन आहे असे गृहीत धरून त्याला मुचलक्यावर सोडावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७८ सांगते. पैशांवाचूनच अडले असेल तर केंद्राच्या २०२३ च्या योजनेतून गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक साहाय्य मिळू शकते. त्यासाठीही विधी सेवा प्राधिकरणाकडेच जावे.

इतके करूनही कोणी आत राहिलाच, तर त्याच संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की त्याला मुचलक्यावर सोडायचे असते आणि तसा अर्ज करणे हे तुरुंग अधीक्षकांचे काम आहे. त्याच्यावर आणखी प्रकरणे चालू असतील तर मात्र हे कलम उपयोगी पडत नाही.

गुन्हा कबूल करण्याची घाई नको

सामुदायिक सेवेचे नाव ऐकले की घरचे म्हणतात, 'चार दिवस झाडू मारेल आणि सुटेल, कबूल करून टाकू.' इथे थांबावे. सामुदायिक सेवा ही शिक्षा आहे, म्हणजे तिच्याआधी दोषसिद्धी येते. पोलीस भरतीची तयारी करणारा किंवा बोटीवर जाण्यासाठी कागद जमवणारा मुलगा असेल तर ती नोंद पुढे आडवी येऊ शकते. माझ्या मते क्रम असा असावा: आधी तडजोड, ती जमली नाही तर परिवीक्षा आणि त्यानंतर सामुदायिक सेवा.

साधी चोरी, साधी दुखापत आणि बदनामी हे तडजोडयोग्य गुन्हे आहेत. मालाच्या मालकाने न्यायालयात तडजोड मान्य केली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच होतो. बागायतदाराचे नुकसान भरून देणे, त्याच्या घरी जाऊन माफी मागणे आणि हे सगळे लेखी करून लोकअदालतीत किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मांडणे ही सर्वांत सरळ वाट आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्या अजून जिथे जाग्या आहेत, तिथे त्या या कामाला उपयोगी पडतात. नशेतल्या गैरवर्तनाला मात्र तडजोड नाही.

तडजोड जमली नाही तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ उघडावा. तिसऱ्या कलमात चोरीसारख्या आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पहिल्यांदा सापडलेल्याला ताकीद देऊन सोडता येते. चौथ्या कलमात, मृत्युदंड किंवा जन्मठेप नसलेल्या गुन्ह्यात, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी सोडता येते. ३०५ आणि ३०६ ची प्रकरणे इथे बसू शकतात. या दोन कलमांखाली सुटलेल्याला बाराव्या कलमाने दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. तरीही दोषसिद्धी पुसली जात नाही, हे मुलाला स्पष्ट सांगावे. नोकरीच्या अर्जात ती लपवणे हा वेगळाच घोळ होतो.

वयाची गोष्ट विसरू नये. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला कैद द्यायची तर सहाव्या कलमाप्रमाणे न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कैदच का, याची कारणे लिहावी लागतात. पण हे वय गुन्ह्याच्या दिवसाचे धरत नाहीत, खालच्या न्यायालयाने त्याला दोषी धरून निकाल दिला त्या दिवसाचे धरतात. एकोणिसाव्या वर्षी सापडलेला मुलगा तारखा पडता पडता एकवीस ओलांडतो आणि हक्काचे संरक्षण हातातून जाते. शाळा सोडल्याचा दाखला पहिल्या तारखेलाच दाखल करावा आणि उगाच तारखा मागू नयेत.

अहवालासाठी अधिकारी घरी येतात तो दिवस

परिवीक्षा अधिकारी आपल्याकडे महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात असतात. न्यायालयाने अहवाल मागवला की ते घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात, कामाच्या ठिकाणी जातात. या एका भेटीवर बरेच अवलंबून असते आणि ती घरच्यांच्या निष्काळजीपणाने वाया जाते. माझ्या एका प्रकरणात अधिकारी दोन एस.टी. बदलून, वर अर्धा तास पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून गेले, तर घराला कुलूप. आई काजू कारखान्यात, मुलगा समुद्रावर. अहवालात 'घर बंद आढळले' एवढेच आले आणि पुढची तारीख दोन महिन्यांची पडली. चूक माझीही होती, कारण अधिकाऱ्यांना आधी फोन करून दिवस ठरवावा हे मी घरच्यांना सांगितले नव्हते.

दुसऱ्या खेपेला आई रजा टाकून ओटीवर बसून होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घरपट्टीची पावती, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला होता आणि नौकेचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, मुद्दाम थांबला होता. अधिकाऱ्यांनी कागद फारसे पाहिले नाहीत. त्यांनी आईला विचारले, "मुलगा सकाळी किती वाजता उठतो?" ती म्हणाली, "भरती बघून, साहेब. कधी दोनला, कधी चारला." अधिकाऱ्यांनी ते वहीत उतरवून घेतले आणि तांडेलाला विचारून खात्री केली. मुलाला नियमित धंदा आहे आणि त्यावर लक्ष ठेवणारा मोठा माणूस आहे, हे त्या एका उत्तरात आले. परिवीक्षा अधिनियमाच्या चौथ्या कलमाला नेमके हेच हवे असते, ठरलेला राहण्याचा पत्ता किंवा नियमित व्यवसाय.

दारूची सवय असेल तर ती झाकू नये. नशा न करण्याची अट बंधपत्रात घालण्याची सोय चौथ्या कलमातच आहे, आणि व्यसनमुक्तीचे उपचार सुरू केल्याचा कागद जोडला तर ती अट पाळली जाईल असे न्यायालयाला वाटते. परिवीक्षेची मूळ कल्पना दारूच्याच प्रकरणातून आली. १८४१ मध्ये बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या बूट शिवणाऱ्या माणसाने एका दारुड्याला स्वतः जामीन राहून सोडवले, तीन आठवड्यांनी शुद्धीत आणि सुधारलेला असा परत न्यायालयात उभा केला आणि न्यायाधीशांनी त्याला एक सेंट दंड करून सोडून दिले. पहिला परिवीक्षा अधिकारी हा मुळात एक जामीनदार होता.

सेवेचा आराखडा आपणच द्यावा

सामुदायिक सेवा म्हणजे समाजाच्या उपयोगाचे, मोबदला न मिळणारे काम, एवढीच व्याख्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये आहे. तास किती, काम कोणते, नजर कोणाची, याबद्दल संहिता काही सांगत नाही. म्हणूनच वकिलाने रिकाम्या हाताने जाऊ नये. ग्रामपंचायतीचे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे लेखी संमतिपत्र, त्यात कामाचे स्वरूप, रोजचे तास, एकूण दिवस आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे पद, एवढे एका पानावर असले तर न्यायदंडाधिकाऱ्यांना आदेश लिहिणे सोपे जाते. देखरेख करणारा आरोपीचा भाऊबंद नसावा आणि फिर्यादीचाही नसावा.

काम हंगाम पाहून सुचवावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घालायचा असतो. गोणीत माती भरणे हे मेहनतीचे, दिसणारे आणि मोजता येणारे काम आहे. थंडीत किनाऱ्यावरची तुटकी जाळी आणि प्लॅस्टिक गोळा करता येते. एप्रिल-मेमध्ये सार्वजनिक विहिरीतला गाळ काढणे, ढासळलेली पाखाडी नीट करणे ही कामे निघतात, पण बागेत राबणाऱ्या माणसाची तीच कमाईची वेळ असते, तेव्हा त्याला आठवड्यातला एकच दिवस मागून घ्यावा. खलाशाला जून-जुलैची मासेमारीबंदी सोयीची, मात्र भर पावसात उघड्यावरचे काम लिहून घेऊ नये. शाळेची रंगरंगोटी, वाचनालयातल्या पुस्तकांना कव्हरे घालणे, आरोग्य केंद्रातली साफसफाई अशी छपराखालची कामे मागावीत. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखायचे काम मला मनापासून आवडते, पण रात्रीच्या गस्तीवर देखरेख ठेवणे अवघड असल्याने ते पहिल्याच फटक्यात सुचवू नये.

काही कामे नकोतच. फिर्यादीच्या बागेत राबवणे म्हणजे समाजाची सेवा नव्हे, ती वेठ झाली. गटारात उतरवणे, गळ्यात पाटी अडकवणे, काम करतानाचा फोटो गावाच्या गटावर टाकणे हेही आदेशात नसते आणि कोणी केले तर ताबडतोब न्यायालयाच्या कानावर घालावे. रोजगार हमीवरच्या मजुराचे काम काढून ते फुकटात आरोपीकडून करून घेऊ नये.

गावकीला हद्द दाखवावी

हा मुद्दा कोकणात टाळून चालणार नाही. गावातच शिक्षा म्हटली की काही जणांना गावकीचा दंड आठवतो: नारळ, रोख रक्कम, देवळापुढे नाक घासणे आणि न मानल्यास वाळीत टाकणे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम आहे आणि वाळीत टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गावाने आरोपीला काम द्यावे, हजेरी ठेवावी, तडजोडीत मध्यस्थी करावी. शिक्षा किती हे मात्र न्यायालयच ठरवणार. सरपंचांनी संमतिपत्र देताना ही गोष्ट वाडीच्या बैठकीत बोलून दाखवली तर बरीच कटकट वाचते. न्यायालयाने दिलेली सेवा पूर्ण केलेल्या मुलाच्या घरी लग्नाला जायचे नाही असे जर कोणी ठरवले, तर पुढचे प्रकरण ठरवणाऱ्यांवर होईल.

आदेश झाल्यानंतर

पहिल्या दिवशीच हजेरीवही घालावी. तारीख, आल्याची आणि गेल्याची वेळ, काम, आरोपीची आणि देखरेख करणाऱ्याची सही, एवढे रकाने पुरेत. आजारपणाने खाडा झाला तर दाखला त्याच आठवड्यात न्यायालयात द्यावा. सेवा चुकवली तर न्यायालय कैद देऊ शकते आणि इतके सगळे करून शेवटी तुरुंगच पदरी पडतो. परिवीक्षेवर असलेल्याने मुंबईला नोकरी लागली म्हणून न सांगता निघून जाऊ नये. अटींमध्ये बदल करून घेण्याची सोय परिवीक्षा अधिनियमाच्या आठव्या कलमात आहे, आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांना आधी भेटले तर ते स्वतः तसा अर्ज करू शकतात. आमच्याकडची अर्धी बंधपत्रे याच कारणाने अडचणीत येतात, वाईट वागणुकीने नव्हे.

काम संपले की ग्रामपंचायतीचे पूर्तता प्रमाणपत्र हजेरीवहीच्या प्रतीसह न्यायालयात दाखल करावे आणि निकालाची व त्या नोंदीची प्रमाणित प्रत दोन-तीन संचांत काढून घ्यावी. एक घरी, एक मुंबईच्या नातेवाइकाकडे. पाच वर्षांनी चारित्र्य पडताळणीला पोलीस आले तेव्हा त्यांच्या नोंदीत फक्त गुन्हा दिसतो, तो कसा मिटला हे दिसत नाही. ते दाखवायचे काम या प्रतीचे आहे, आणि पावसाळ्यात कौलांखालच्या पेटीत ठेवलेला कागद टिकत नाही, तेव्हा ती लॅमिनेट न करता जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावी.